कागदावर नसलेला ज्युनियर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

फिलिपिनो मैत्रिणीकडे फर्नांडो पो ज्युनियरचा मारामारीचा सिनेमा पाहून आल्यावर तू विचारलंस, ‘ज्युनियर म्हणजे आपण मधे बाबांचं नाव लावतो तसंच ना? मग हिच्या नावात मधे आईचं आडनाव कसं?’

तसंच नाही. तुझं नाव सई मंदार केळकर. मधलं मंदार वडिलांचं, न मागता मिळालेलं. आपल्याकडे बापाचं नाव मुलाला ठेवत नाहीत, आजोबांचं नातवाला ठेवतात, त्यामुळे ज्युनियरची गरजच पडत नाही. फिलिपिनो नावात मधे आईचं माहेरचं आडनाव आणि शेवटी वडिलांचं. या नटाचं खरं नाव रोनाल्ड ॲलन केली पो. केली आईकडचं, पो वडिलांकडचं. यात फर्नांडो आहे का कुठे?

फर्नांडो पो म्हणजे त्याचे वडील, त्या काळचे मोठे नट. ते १९५१ मध्ये वारले, तेव्हा रोनाल्ड १२ वर्षांचा होता. पुढे शाळा सोडून तो सिनेमाच्या धंद्यात निरोप्या म्हणून लागला. १९५५ मध्ये पहिली मोठी भूमिका मिळाली ती ‘आनाक नी पालारिस’मध्ये, म्हणजे पालारिसचा मुलगा. पालारिस वडिलांनी रंगवला होता! वडिलांचं नाव बाजारात खपत होतं, म्हणून यानं तेच लावलं. खरं तर कागदोपत्री फर्नांडो होता त्याचा भाऊ अँडी. मग ‘लो वेस्ट गँग’ हा सिनेमा चालला आणि उसनं नाव कायमचं चिकटलं. १९६१ मध्ये त्यानं स्वतःची निर्मितीसंस्था काढली, एफपीजे प्रॉडक्शन्स.

दिग्दर्शन करताना मात्र तो रोनवाल्डो रेयेस व्हायचा. रेयेस हे वडिलांच्या आईचं आडनाव. म्हणजे पडद्यावर बापाचं नाव आणि कॅमेऱ्यामागे आजीचं. १९८० च्या ‘आंग पांदाय’च्या श्रेयनामावलीत दोन्ही नावं आहेत, माणूस एकच. त्यातला फ्लाव्हियो लोहार आकाशातून पडलेल्या उल्केच्या धातूपासून खंजीर घडवतो आणि तो वर उगारला की त्याची तलवार होते. जादू नसलेल्या सिनेमांत त्याची खूण म्हणजे ठोसे: समोरच्याला जवळ घेऊन पोटात दोन्ही मुठींनी इतक्या भराभर हाणायचं की मोजता येऊ नये. मला विचारशील तर तलवारीपेक्षा ते ठोसे बघावेत.

२००४ मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि विरोधकांनी त्याचं घराणंच कोर्टात नेलं. आई अमेरिकन, जन्म १९३९ चा, आई-वडिलांचं लग्न १९४० चं. मग राष्ट्राध्यक्ष व्हायला लागतो तसा हा जन्मानं फिलिपिनो कसा? वाद जाऊन पोचला आजोबा लोरेन्सो पोऊ यांच्यापर्यंत, कारण ते फिलिपिनो ठरले तर त्यांचा मुलगा आणि मग नातूही. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला अपात्र ठरवण्यासाठीचे अर्ज फेटाळले. निवडणूक तो सुमारे ११ लाख मतांनी हरला आणि त्याच डिसेंबरात पक्षाघातानं गेला.

लग्नानंतर त्यांच्याकडे बाईचं स्वतःचं आडनाव मधे सरकतं आणि शेवटी नवऱ्याचं येतं. त्याची बायको, नटी सुसान रोसेस, कागदावर जेसुसा सोनोरा पो. आपल्याकडे पूर्वापार नवऱ्याचं नाव आणि आडनाव दोन्ही लागतं, माहेरचं काहीच उरत नाही. त्यांची पद्धत मला जास्त बरी वाटते. महाराष्ट्रात आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर स्वतःचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आहे. तू त्याआधीची, म्हणून तुझ्या नावात आई नाही.

शाळेच्या फॉर्मवर मधल्या नावाचा रकाना असेल तर तिथे मंदार लिही. आपल्या पासपोर्टात मात्र रकाने दोनच: नावाच्या रकान्यात ‘सई मंदार’ आणि आडनावाच्या रकान्यात ‘केळकर’. तिकीट तसंच काढायचं. मंदार चुकून आडनावात गेलं की पासपोर्टाशी नाव जुळत नाही आणि चेक-इनला अडवतात. तुझ्या मैत्रिणीच्या पासपोर्टात मधल्या नावाचा वेगळा रकाना असतो, त्यामुळे तिचं बघून आपला फॉर्म भरू नकोस.

बाबा