लेकीबरोबर तबल्याला बसताना

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची असून गेल्या जूनपासून ती तबल्याच्या वर्गाला जाते. तिला सोडायला गेले की तासभर मी बाहेरच्या बाकावर बसून असते. लहानपणी मलाही तबला शिकायचा होता. परंतु मुलींनी शिकायचे तर पेटी शिकावी, असे आमच्या घरात ठरलेले होते. आता तिच्याच वर्गात नाव घालावे असे मनात आहे आणि तिच्या सरांचीही त्याला संमती आहे. मी शेजारी बसल्याने तिच्यावर दडपण येईल का, माझे चाळिशीचे वय आड येईल का, आणि घरात तबल्याची एकच जोडी असताना दोघींचा रियाझ कसा साधावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण अवश्य नाव घालावे. मात्र सरांच्या आधी मुलीला विचारायला हवे होते असे मला वाटते, आणि ते अजूनही करता येईल. घरात निवांत असताना, शेजारी दुसरे कोणी नसताना तिला विचारा आणि ती ‘नको’ म्हणाली तर ते मनापासून मान्य करा. मुलांच्या दिवसात घरच्यांच्या नजरेबाहेरचा वेळ फार थोडा असतो, आणि वर्गातला तो एक तास तिला स्वतःचा वाटत असेल तर तो तिच्याकडेच राहावा हे बरे. तसे असेल तर त्याच सरांकडे दुसरी वेळ मागून घ्यावी. घरचा रियाझ तरीही दोघींना एकत्र करता येतो. मुलींनी पेटीच शिकावी हा आग्रह आपल्या लहानपणीही निराधारच होता, कारण मुंबईच्या अबन मिस्त्री यांनी त्याच्या कितीतरी आधीपासून स्वतंत्र तबलावादनाचे कार्यक्रम केले होते.

वयाचा प्रश्न खरा आहे, पण तो आपण समजता तसा नाही. प्रौढ विद्यार्थ्याला तालाचे गणित पहिल्या दोनचार तासांतच उमगते. त्रितालाच्या सोळा मात्रा, चार-चार मात्रांचे चार विभाग, पहिल्या मात्रेवर सम, नवव्या मात्रेवर खाली, हे आपण वहीत लिहून घ्याल आणि भातखंडे यांच्या ताललेखन पद्धतीत समेला गुणाकाराचे व खालीला शून्याचे चिन्ह का घालतात तेही विचाराल. हात मात्र लगेच ऐकणार नाही. साधा ‘ना’ हा बोल, म्हणजे तबल्याचे एक अक्षर, घ्या. अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकलेली ठेवून तर्जनीने चाटेवर (पुडीच्या काठावरच्या पट्टीवर) आघात करायचा आणि बोट तत्क्षणी उचलायचे, एवढेच काम असते. परंतु मोठ्या माणसाचा खांदा आवळलेला असतो, सगळा जोर दंडातून येतो, बोट चाटेवर क्षणभर रेंगाळते आणि आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, दबून नुसता ‘टक्’ असा आवाज निघतो. लहान मुलांची बोटे मोकळी असतात आणि त्यांना बोल लिहूनही लागत नाहीत. ‘तिरकिट’ दहा वेळा तोंडाने म्हटले की ते त्यांच्या जिभेवर बसते व पाठोपाठ हातात उतरते. म्हणजे काही महिन्यांत ती आपल्या पुढे जाईल, हे आजच गृहीत धरावे.

काही बाबतींत आपणही तिच्या पुढे असाल, आणि तिला त्याचा मोठा उपयोग आहे. मुले बोल पाठ झाले की पळू लागतात. ठाय म्हणजे संथ लयीत सुरू केलेला ठेका तालाच्या चौथ्या आवर्तनापर्यंत (फेरीपर्यंत) दुगुणीकडे, म्हणजे दुप्पट वेगाकडे, झुकलेला असतो आणि त्यांना ते कळतही नाही. मोठ्या माणसाला सावकाश वाजवत राहण्याचा कंटाळा तुलनेने कमी येतो. दोघींनी एकत्र बसायचे खरे कारण मला इथे दिसते.

आता दडपणाविषयी. पालक नुसता शेजारी बसला म्हणून मुलांवर दडपण येत नाही. दोन्ही डोळे मुलाच्या हातावर ठेवून तो बसला की मात्र नक्की येते. अनेक वर्षे वर्ग घेताना मी पाहत आले आहे की, आई किंवा वडील शिकायला बसतात, परंतु सरांनी मुलाला काही विचारले की उत्तर तेच देतात, मुलाचा हात चुकला की तेच हुंकार भरतात, आणि परतताना गाडीवर सगळ्या तासाची उजळणी घेतात. असे पालक शिकणे थांबवून देखरेख करू लागलेले असतात, आणि मूल ते पहिल्याच दिवशी ओळखते. म्हणून एक पथ्य कडकपणे पाळावे : तिची चूक दुरुस्त करणे हे सरांचे काम आहे, आपले नाही. घरी तिचा बोल चुकीचा वाटला तरी ‘पुढच्या तासाला सरांना विचारू’ एवढेच म्हणावे, कारण आपल्याला जे चुकीचे वाटते ते कित्येकदा आपल्याच कानाला न कळलेले असते. उलट तिने आपला हात सुधारला तर तो सुधारून घ्यावा. मात्र पाहुण्यांसमोर त्याचे कौतुक सांगत बसू नये, कारण मग तिला सहज जमलेल्या गोष्टीचे प्रदर्शन होते.

एकच जोडी असणे ही अडचण नसून सोयच आहे. एकीने वाजवावे आणि दुसरीने समोर बसून टाळी-खाली देत पढंत करावी, म्हणजे बोल तोंडाने म्हणावेत, काही आवर्तनांनंतर जागा बदलाव्यात. ‘धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना’ हा सुरुवातीचा कायदा (विस्तार करण्याजोगी ठरावीक बोलांची रचना) या पद्धतीने बसवला तर हात थांबलेला असतानाही तोंड आणि कान कामात राहतात. पढंत करणारीने हातावरची लय सोडायची नाही, वाजवणारी पळाली तरी तिच्यामागे पळायचे नाही. बोलून दाखवण्यापेक्षा ही टाळी मुलीला तिचे पळणे अधिक नीट समजावते, आणि आपल्यालाही देखरेखीचा मोह होत नाही. रोज वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. मांडी घालून गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर खाली जाड घडी घेऊन बैठक थोडी उंच करावी, मात्र त्या प्रमाणात तबला-डग्ग्याखालच्या चुंबळीही उंच कराव्या लागतील. सूर उतरला तर आपणच हातोडी घेऊन गट्टे (सूर चढवण्या-उतरवण्याचे लाकडी ठोकळे) ठोकू नयेत. वादी (चामड्याची पट्टी) आणि पुडी (वरचे कातडे) जपायची तर ते आधी सरांकडून शिकून घ्यावे.

परीक्षांचा उल्लेख आपण केलेला नाही, पण तो प्रश्न येणारच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत्या पायऱ्यांनी अलंकारपर्यंत जातात. दोघींनी एकाच वेळी बसायलाच हवे असे मुळीच नाही. तिची तयारी आधी झाली तर तिला आपल्यासाठी थांबवू नये, आणि आपली झाली तरी तिला ओढू नये.

प्रश्न : मुलगा व मी एकदमच तबला सुरू केला. तो आता प्रवेशिका प्रथमची तयारी करतो आणि मी त्रितालाच्या चौगुणीतच, म्हणजे चौपट वेगातच, अडकलो आहे. माझ्याबरोबर रियाझाला बसायला तो हल्ली कंटाळतो. मी सोडून द्यावे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सोडू नये, पण एकत्र रियाझाचा आग्रह मात्र सोडावा. त्याला आता वेगळा वेळ हवा आहे आणि तो मागण्याचा त्याला हक्क आहे. आपली चौगुण आपण आपल्या गतीने, लय अर्ध्यावर आणून बसवावी. त्याच्याशी असलेला धागा टिकवायचा असेल तर घरातल्या पेटीवर त्रितालाचा एखादा सोपा लेहरा, म्हणजे तबल्याला साथ देणारी सुरांची ओळ, शिकून घ्या. चंद्रकंस रागातला लेहरा अनेक वर्गांत ऐकायला मिळतो. सोळा मात्रांत बसणारी ती एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवायची असते, परंतु लय तसूभरही हलू न देता ती धरून ठेवायला चांगलीच तयारी लागते. कायदे आणि रेले (जलद बोलांच्या रचना) यांच्या रियाझाला लेहरा लागतोच. मोबाइलवरच्या लेहऱ्याने काम भागते हे खरे, तरी तिहाई (तीनदा म्हटलेला बोलांचा तुकडा) समेवर नेमकी आली की समोरून मान हलते ती माणसाचीच. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी तो आपणहून आपल्याला पेटी घेऊन बोलावेल अशी मला आशा आहे. त्याने बोलावले नाही, तर काही दिवस नुसता लेहरा घोटत राहावे.