शेळीला झाडपाला घालताना

भाऊ, बाभळीच्या शेंगा, कडुनिंबाचा पाला शेळीला जरूर घाला. पण चारा म्हणून; जंतू मारतो असं ऐकून औषध म्हणून नव्हे. बाभळीतल्या टॅनिन या तुरट द्रव्याने प्रयोगशाळेतल्या बशीत जिवाणू मरतात हे खरं. पण शेळीच्या पोटात चारा पचवतात तेही जिवाणूच! टॅनिन जास्त झालं की प्रथिनं बांधली जातात, खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून मूठ-दोन मूठ वाळलेल्या शेंगा, बाकी कडबा आणि लसूणघास. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापुढे नको, त्यातल्या मायमोसिन या विषारी द्रव्यामुळे केस गळतात. कास गरम, कडक लागली, दुधात गुठळ्या दिसल्या, तर पाला शोधत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. मेडिकलमधून प्रतिजैविक आणून स्वतःच टोचणं तर त्याहून वाईट.