'द लास्ट ऑफ अस' गेम न खेळता मालिका बघितली तर कळेल का? आणि खेळलेले लोक एवढे का चिडलेत?

कळेल, बिनधास्त बघा. चिडचिड मुख्यतः दुसऱ्या सीझनची आहे. मी २०१३ आणि २०२० चे दोन्ही गेम खेळलोय आणि मालिका बेळगावच्या टिळकवाडीत मित्राच्या खोलीवर तिघांनी मिळून बघितली, त्यावरून सांगतो. गोष्ट बुरशीच्या साथीनं जग कोसळल्याची; ती साथ पसरवायला पहिल्या सीझनला गेममधले हवेतले बीजाणू काढून बुरशीचे तंतू आणले, तरी आमच्यात कुणी कुरकुरलं नाही. तिसऱ्या भागात बिल-फ्रँक या जोडप्याची गोष्ट तर पार बदलली (गेममध्ये फ्रँक जिवंत दिसतच नाही). कंट्रोलर कधी हातात न धरलेला आमचा निपाणीचा मित्र तिथं रडला; दुसरा "हे कुठं होतं गा गेममध्ये?" करत बसला. दुसऱ्या सीझनचं दुखणं वेगळं. ॲबी या नव्या पात्राला राग कशाचा, हे दुसरा गेम कित्येक तास लपवतो आणि मग तिच्याच बाजूनं आपल्याला खेळायला लावतो. मालिका कारण सुरुवातीलाच सांगून टाकते, वर सात भागांत गोष्ट अर्ध्यावर सोडते. फक्त एक, दुसरा गेम खेळायचा बेत असेल तर सीझन दोनच्या आधी खेळा.