‘रेजिना सायक्लोन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: कॅनडाच्या इतिहासावरच्या मजकुरात 1912च्या ‘रेजिना सायक्लोन’चा उल्लेख आहे. त्याचं भाषांतर ‘रेजिनाचं चक्रीवादळ’ असं केलं तर चालेल का? नसेल, तर ‘वावटळ’ म्हणावं का?

माझ्या मते दोन्ही नको. ‘चक्रीवादळ’ तर नकोच.

30 जून 1912. रविवारची संध्याकाळ, सस्कॅचवान प्रांताची राजधानी रेजिना. दुसऱ्या दिवशी कॅनडाचा राष्ट्रीय दिन, म्हणून गावात पताका लागलेल्या. दिवसभर उकाड्यानं जीव नकोसा झालेला. पाचच्या सुमारास दक्षिणेकडून गडगडाटी ढग आले आणि काही मिनिटांत शहराच्या मधोमध उद्ध्वस्त घरांचा एक पट्टा तयार झाला. व्हिक्टोरिया पार्कच्या आसपासची चर्चं, टेलिफोन एक्स्चेंज, राहती घरं कोसळली. 28 माणसं गेली, सुमारे अडीच हजार बेघर झाली. कॅनडाच्या नोंदीतला हा आजवरचा सर्वांत जीवघेणा टोर्नेडो. हो, टोर्नेडोच. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब.

मग तिथल्या लोकांनी त्याला सायक्लोन का म्हटलं? कारण त्या काळी उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत टोर्नेडोला सर्रास सायक्लोन म्हणत. वादळात लपायच्या तळघराचं नावही ‘सायक्लोन सेलर’. गंमत म्हणजे हा शब्द तिकडे जन्मलेला नाही, तो आपल्याकडचा. 1840च्या दशकात कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन या माजी जहाज-कप्तानानं बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यास करताना तो घडवला. ग्रीक ‘किक्लोस’ म्हणजे वर्तुळ. सापाचं वेटोळंही त्याच्या मनात होतं. समुद्री वादळासाठी केलेला शब्द प्रेअरीत, म्हणजे त्या गवताळ मैदानांत, पोचला आणि तिथे भलत्याच वादळाला चिकटला. 31 जुलै 1987ला कॅनडातल्याच एडमंटन शहरावर असंच संकट आलं आणि 27 माणसं दगावली, तेव्हा मात्र सगळ्यांच्या तोंडी ‘टोर्नेडो’च होतं. 

आपल्याकडे ‘चक्रीवादळ’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते 2020चं निसर्ग किंवा 2021चं तौक्ते. शेकडो किलोमीटरचा घेर, आधीपासून ठरलेलं नाव, होड्या परत बोलावायला मिळालेले दोन-तीन दिवस. टोर्नेडोची रुंदी बहुधा काहीशे मीटर, सूचना मिळाली तर मिनिटांची, आणि नाव पडतं ते तडाखा बसलेल्या गावाचं. व्युत्पत्तीनं पाहिलं तर टोर्नेडोही चक्रीच आहे, हे मान्य. पण शब्दाचा अर्थ रूढीनं बांधला जातो, आणि ही रूढी रायगड-रत्नागिरीच्या माणसानं स्वतः भोगून पक्की केली आहे. ती मोडू नये.

‘वावटळ’ हा माझा आवडता शब्द, तरी तो इथे बसत नाही. याचं उत्तर मराठीच्या क्रियापदातच आहे. वावटळ उठते. चैत्र-वैशाखात जमीन तापते, धूळ-पाचोळा गरगरत वर जातो, आणि डोक्यावर आभाळ निरभ्र असतं. टोर्नेडो उतरतो. तो गडगडाटी ढगाच्या पोटातून सोंडेसारखा खाली येतो, ढग नसेल तर तोही नाही. वावटळीत घोंगडी उडते. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या एली या गावी 22 जून 2007ला आख्खं घर पायावरून उचललं गेलं, आणि ते चित्रफितीत टिपलं गेलं. सुदैवानं तिथे कुणाचा जीव गेला नाही. ‘वावटळ’ लिहिली तर वाचकाला घोंगडीच दिसेल.

परिभाषेत ‘घूर्णवाती वादळ’ आहे. पाठ्यपुस्तकात ठीक, पण बातमीत किंवा गोष्टीत वाचक तिथेच अडखळतो. ‘टोर्नेडो’ मराठीत रुळला आहे, पुल्लिंगीही झाला आहे, तोच वापरावा. ‘रेजिना सायक्लोन’ हे मात्र विशेषनाम. ते तसंच ठेवावं आणि पहिल्या उल्लेखाला खुलासा जोडावा: ‘रेजिना सायक्लोन या नावानं ओळखला जाणारा 1912चा टोर्नेडो’. पुढे नुसतं ‘टोर्नेडो’ पुरे.

अशाच मजकुरात ‘एफ-5 वेगाचं वादळ’ असंही वाचायला मिळतं, तेही टाळावं. ‘एफ’ म्हणजे फुजिता, टोर्नेडोची तीव्रता सांगणारी श्रेणी, आणि ती वेग मोजून ठरत नाही. मागे काय पडलं, काय उडालं हे पाहून ती देतात, आणि वेगाचा अंदाज त्यावरून निघतो. एलीच्या टोर्नेडोला आधी एफ-4 दिलं होतं; चित्रफिती तपासल्यावर काही महिन्यांनी ते एफ-5 झालं, कॅनडातलं एकमेव. तेव्हा ‘एफ-5 श्रेणीचा टोर्नेडो’ म्हणावं. 2013पासून कॅनडात सुधारित (एन्हान्स्ड) फुजिता श्रेणी, म्हणजे ‘ईएफ’, वापरतात, त्यामुळे 2023चा अल्बर्टातला डिड्सबरीचा टोर्नेडो ‘ईएफ-4’ लिहायचा, ‘एफ-4’ नव्हे.