कार्ड आधी दिलं, ॲप नंतर दाखवलं

प्रश्न : ताई, सासूबाईंच्या पंचाहत्तरीला आम्ही सहाजण पुण्यातल्या एका हॉटेलात जेवायला गेलो. ॲपवर २५ टक्के सवलत दिसली म्हणूनच ते निवडलं. जेवण ४,२०० रुपयांचं, वर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ५ टक्के जीएसटी, एकूण ४,८५१. काउंटरवर कार्डाने पैसे भरले, मग ॲप दाखवलं, तर मॅनेजर म्हणाले, ‘आता नाही होणार.’ तक्रार करता येईल का? शिवाय मॉलमध्ये १,५०० रुपयांना घेतलेलं कूपनबुकही पडून आहे.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : रागावू नका, पण सवलत गेली ती गेली. असली सवलत बहुधा ॲपमधूनच पैसे भरले तर मिळते. बिल आलं की आकडा ॲपमध्ये टाकायचा. कार्ड पर्समध्येच राहू द्यायचं.

मला खटकलं ते वेगळंच. सर्व्हिस चार्जचे ४२० रुपये तुम्ही मुकाट्याने दिलेत? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय, की तो बिलात आपोआप लावायचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तेच उचलून धरलं. तो काढायला लावला असता, तर त्यावरचा २१ रुपये जीएसटीही वाचला असता. बिल जपून ठेवलंय ना? मग ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा.

आता माझी फजिती ऐका. एकतीस वर्षं बँकेत कॅशियर होते, तरी फसले! आमचं बिल होत होतं १,७६०. कूपन म्हणे, २,००० च्या वर गेलात तर ४०० रुपये सूट. लगेच ३४० चं पनीर टिक्का मागवलं. दिले १,७००, वाचले साठ. टिक्का कोणाला जाईना. पार्सलच्या डब्याचे वीस लागले आणि तिसऱ्या दिवशी तो डबा ओल्या कचऱ्यात गेला.

कूपनबुकाची मुदत आजच बघा. ‘एक रात्र मोफत’ असेल, तर बारीक अक्षरांतल्या वगळलेल्या तारखाही वाचा. माझ्याकडच्या महाबळेश्वरच्या कूपनात शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ, मे महिना, सगळंच वगळलेलं होतं. उरला पावसाळा. ह्यांना दमा, धुक्यात नेऊ कुठे? शेवटी भाचा आणि त्याची बायको ऑगस्टमधल्या एका मंगळवारी जाऊन आले.