उंदीर पडले की गाव रानात

प्रश्न : सर, आमची आजी सांगायची की तिच्या वडलांच्या वेळेला प्लेग आला की घरात उंदीर मरून पडायला लागायचे, मग अख्खं गाव कुलपं घालून रानात खोपी करून रहायचं. परवा पोराच्या मोबाईलवर पक्ष्याच्या चोचीचा मुखवटा घातलेला प्लेगचा डॉक्टर बघितला. मध्ययुगात युरोपातल्या लोकांना हा रोग कशानं होतो हे काहीच कळत नव्हतं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी चोचवाल्याचं मिटवू. तो मध्ययुगातला नाहीच, १७व्या शतकातला, म्हणजे आपल्याकडं शिवाजी महाराज होते त्या शतकातला. चोचीत वासाच्या वनस्पती भरायचे, कारण सडक्या हवेनं रोग होतो ही समजूत तेव्हाही टिकून होती.

मोठी साथ आली ती १३४७ ला, चारपाच वर्षांत युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं गेली. फ्रान्सच्या राजानं विचारलं म्हणून १३४८ ला पॅरिसच्या वैद्यकीच्या पंडितांनी कारण काय दिलं, तर १३४५ ला कुंभ राशीत शनी, गुरू आणि मंगळ एकत्र आले, त्यानं हवा बिघडली! (म्हणजे पत्रिका बघणारे आपल्याकडंच होते असं नाही.) पण सगळेच आभाळाकडं बघत नव्हते हो, स्पेनमधल्या ग्रॅनाडाचा वैद्य इब्न अल-खतीब त्याच शतकात लिहून गेला की रोग्याचे कपडे, भांडी, अगदी कानातल्या डुलांवरनंसुद्धा रोग पसरतो, हे डोळ्यांनी दिसतंय. आणि रागुसा बंदरानं, म्हणजे आजचं क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक, १३७७ ला साथीच्या गावाहून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबवायचा नियम केला, पुढं त्याचे ४० झाले, इटालियनमधल्या त्या चाळीसावरनंच आपला क्वारंटाईन आला.

उंदराचं मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही. आपल्याकडं जहांगीर बादशहाच्या आठवणींत आहे बघा, अंगणात झिंगल्यासारखा पडत-उठत चाललेला उंदीर आणि त्याच घरात मग प्लेग. जंतू सापडला १८९४ ला हाँगकाँगमध्ये, आणि १८९८ ला कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं की रोग नेते ती उंदरावरची पिसू. उंदीर मेला, गार पडला की पिसवा त्याला सोडतात आणि जवळचं गरम अंग शोधतात, बहुतेक वेळा घरातलं माणूसच. तुमच्या आजीच्या गावाला पिसू-बिसू कुणी सांगितली नव्हती, पण उंदीर पडले की त्या घरात निजायचं नाही एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.