बाक्के की हॅन्सन?

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. मी साताऱ्याची. लग्न होऊन विस्कॉन्सिनला आले त्याला ३१ वर्षं झाली. त्यातली १९ आमच्या गावच्या वाचनालयात गेली, जुन्या कागदांच्या खोलीत. सासर नॉर्वेजियन वंशाचं, त्यामुळे दुसऱ्यांची घराणी शोधण्याआधी नवऱ्याचं शोधावं लागलं. या महिन्यात घराणी शोधणाऱ्या वाचकांची तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय. माझ्या घरचीच गोष्ट निघाल्यावर हात आवरत नाही.

प्रश्न : ताई, मी सांगलीची, सध्या मिनेसोटात मुलाकडे आले आहे. सून इथलीच. तिच्या माहेरी सगळे सांगतात की तिचे खापरपणजोबा ओले १८६९ साली नॉर्वेहून आले. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बाहेरून येणाऱ्यांची तपासणी करणाऱ्या साहेबाला नाव उच्चारता येईना, म्हणून त्याने 'बाक्के'चं 'हॅन्सन' करून टाकलं. नातवाला शाळेत वंशवृक्ष करायला सांगितलाय. आमच्या बाजूच्या सात पिढ्या मी एका दुपारी लिहून दिल्या. सुनेकडचं झाड मात्र ओलेपाशी अडकलं. जनगणनेत हॅन्सन, कबरीवर बाक्के. माणूस एक की दोन? (आणि ओले हे नाव लिहिताना मला दर वेळी हसू येतं, ते वेगळंच.)

उत्तर : काकू, हसा खुशाल. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांचंही नाव ओलेच. फोनवर आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने विचारलं होतं, "मग सुके कोण?"

आधी त्या साहेबाची सुटका करू. एलिस बेटावरचं ठाणं १ जानेवारी १८९२ला उघडलं. तुमचा ओले आला तेव्हा ते उघडायला अजून २२ वर्षं होती. पुढेही तिथले कारकून नावं मनाने लिहीत नव्हते. जहाज जिथून सुटायचं तिथे प्रवाशांची यादी तयार व्हायची, ती समोर ठेवून इथे विचारपूस व्हायची, आणि दुभाषे हाताशी असायचे. ही साहेबाची गोष्ट अमेरिकेत घरोघरी सांगतात. नातवाला ती लिहू द्या, फक्त 'घरात असं सांगतात' या मथळ्याखाली. शिवाय १८५० आणि ६०च्या दशकांत बहुतेक नॉर्वेजियन न्यूयॉर्कला उतरतच नव्हते. शिडाची जहाजं त्यांना कॅनडात क्वेबेकला सोडायची आणि परतताना लाकूड भरून न्यायची. क्वेबेकच्या प्रवासी याद्या १८६५पासूनच्या मिळतात. न्यूयॉर्कच्या यादीत ओले नसेल तर तिकडे बघा.

आता नाव. हे आपल्याला समजायला अमेरिकन माणसापेक्षा सोपं जावं. हान्सचा मुलगा ओले, म्हणून ओले हान्सेन. त्याचा मुलगा हान्स, तर तो हान्स ओल्सेन. मुलगी कारी, तर कारी ओल्सदातर, म्हणजे ओलेची लेक, आणि लग्नानंतरही ती ओल्सदातरच. आपण मधे वडिलांचं नाव लावतो, त्यांच्यात तेच शेवटी यायचं. त्यापुढे राहत्या शेतवाडीचं नाव. बाक्के म्हणजे चढ, टेकाड. आपल्याकडचा टेकाडेच म्हणा ना! फरक एवढाच की पावसहून निघालेला पावसकर मुंबईत चार पिढ्यांनंतरही पावसकरच राहतो. नॉर्वेतला माणूस दुसऱ्या वाडीवर राहायला गेला की त्या वाडीचं नाव लावायचा. ते आडनाव नव्हतं, पत्ता होता. आडनाव कायमचं ठरवायचा कायदा तिकडे १९२३ साली आला.

तेव्हा हॅन्सन आणि बाक्के एकच माणूस असू शकतो. सरकारी कागदावर बापाचं नाव, चर्चच्या वहीत वाडीचं. आमच्याकडे तर तीन कागदांवर तीन तऱ्हा होत्या. एकाच टाउनशिपमध्ये तीन ओले हॅन्सन, पत्रं एकमेकांकडे जायची, म्हणून आमच्या ओलेने सरळ वाडीचं नाव धरलं. कोणी बदललं नाही, त्याचं त्यानेच उचललं.

पण 'असू शकतो' आणि 'आहे' यांच्यामध्ये मी आठ महिने घालवलेत. नॉर्वेची १८६५ची जनगणना फुकट वाचता येते. तिकडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं संकेतस्थळ आहे, त्यावर चर्चच्या वह्यासुद्धा आहेत. त्या जनगणनेत मला एक ओले हान्सेन मिळाला. वय जुळलं, बापाचं नाव जुळलं. त्या मोजणीत गाईगुरं आणि पेरलेलं बियाणंही लिहिलंय, त्यामुळे दोन गाई, सहा मेंढ्या, एवढे बटाटे असं वाचताना मला घरच दिसायला लागलं. वंशवृक्ष छापून नवऱ्याच्या आत्याला वाढदिवसाला दिला, फ्रेम करून. मग एकदा त्याच गावच्या चर्चच्या वहीत सहज पुढे गेले, तर १८७१च्या दफनांमध्ये हाच ओले. मासेमारीत बुडालेला. म्हणजे मी मेलेल्या माणसाला मिनेसोटात गहू पेरायला लावला होता! आत्याबाईंकडून ती फ्रेम परत मागून आणताना काय वाटलं ते लिहीत नाही.

चूक कुठे झाली? मी नावाच्या मागे लागले. नॉर्वेत ओले हान्सेन म्हणजे आपल्याकडे गणपत पाटील. शोधायला हवा होता तो पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, आणि वाडी. ते मला ओलेच्या कागदांत मिळालंच नाही, मिळालं शेजारणीच्या. मिनेसोटातल्या लुथरन चर्चच्या वहीत आमच्या ओलेच्या चारही मुलींच्या बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून एकच बाई उभी होती. तिचा मृत्युलेख 'डेकोरा-पोस्टेन'मध्ये सापडला. आयोवातल्या डेकोराहून १८७४ ते १९७२ निघत असलेला तो नॉर्वेजियन पेपर. त्यात तिचं मूळ गाव दिलेलं होतं. ती ओलेची सख्खी बहीण निघाली. आत्याशिवाय बारसं होत नाही, हे मला साताऱ्यात असतानाच ठाऊक होतं!

त्या गावच्या वहीत मग 'बाहेर गेलेले' म्हणून वेगळी यादी मिळाली. तारीख, नाव, वय, वाडी आणि शेवटच्या रकान्यात 'अमेरिका'. त्याआधीच्या पानांवर त्याचं कन्फर्मेशन, म्हणजे मोठेपणी चर्चमध्ये श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार, आणि देवी टोचल्याची तारीखसुद्धा. देवी टोचल्याशिवाय पाद्री पुढचा संस्कार करत नसे.

सुनेला म्हणावं, १९००ची अमेरिकन जनगणना उघड. त्यात जन्माचा महिना-वर्ष आहे, अमेरिकेत कधी आला ते आहे, आणि बाईपुढे दोन छोटे रकाने आहेत : किती मुलं झाली, किती हयात. आमच्या ओलेच्या बायकोपुढे ९ आणि ५ लिहिलंय. ती नॉर्वेत गुरी होती, इथे कागदावर ज्युलिया झाली. त्या दोन आकड्यांमधली चार मुलं कुठल्याच जनगणनेत नाहीत. चर्चच्या वहीत मिळाली. तिघं एकाच पानावर, अकरा दिवसांत, घटसर्प. त्यांतली एक आना. दोन वर्षांनी झालेल्या मुलीचंही नाव आना. तिकडे तशी रीतच होती, गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायचं. पहिला नातू वडिलांच्या वडिलांचं नाव घ्यायचा, हे तर आपल्यासारखंच. तुमच्या झाडात एका आईला एकाच नावाच्या दोन मुली दिसल्या तर घाईने एक खोडू नका. १८९०ची जनगणना मात्र मागू नका. १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये आग लागली आणि ती जवळजवळ सगळी गेली. १८८० ते १९०० ही वीस वर्षं जमिनीच्या आणि चर्चच्या कागदांवरच काढावी लागतात.

जमिनीचं म्हणाल तर ओले शेतकरी असेल आणि त्याने सरकारी जमीन घेतली असेल तर होमस्टेडची फाइल मागवा. १८६२च्या कायद्याने १६० एकर मिळायचे. पाच वर्षं राहून कसून दाखवायचे आणि शेवटी दोन साक्षीदारांसह जबाब द्यायचा. या फाइली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आमच्या फाइलीत लिहिलंय : घर १४ बाय १८ फूट, एक दार, दोन खिडक्या, विहीर, तबेला, ३० एकर नांगरलेले. परदेशी माणसाला नागरिक झाल्याचा दाखला जोडावा लागे, त्यामुळे तो कागदही त्यातच मिळतो. खाली ओलेची सही आहे, पहिल्या अक्षराला एवढा जोर दिलाय की कागदाला भोक पडलंय.

एक सावधगिरी. नॉर्वेत बाक्के नावाच्या वाड्या ढिगाने आहेत, आणि एकाच वाडीवर मालकाबरोबर कुळंही तेच नाव लावायची. तेव्हा दुसरा बाक्के भेटला म्हणून लगेच भाऊबंद समजू नका. आणि तुमच्या सात पिढ्या? त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीशी एकदा ताडून बघा. माझ्या माहेरच्या पाचच निघाल्या, दोन आजोबांनी कौतुकाने घातलेल्या होत्या.

प्रश्न : आमचा जावई कृष्णवर्णीय अमेरिकन आहे, घराणं जॉर्जियातलं. १८७०च्या जनगणनेपर्यंत नावं मिळाली, त्यापलीकडे काहीच नाही. मुलगी म्हणते, बाबा आता सोडून द्या. सोडून द्यावं का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : सोडू नका, पण जावयाला विचारून पुढे जा. तिथे जे वाचायला मिळतं ते वाचायचं की नाही, हे त्याने ठरवायचं.

१८७०ची जनगणना ही गुलामगिरीतून सुटलेल्या बहुतेकांची नावानिशी पहिली मोजणी. १८५० आणि १८६०ला गुलामांची वेगळी यादी केली होती. तिच्यात नाव मालकाचं, आणि त्याखाली माणसांचं फक्त वय, लिंग आणि रंग. म्हणून सगळे १८७०ला अडकतात.

तिथून मागे जाताना आधी १८६७च्या मतदार नोंदण्या बघा. यादवी युद्धानंतर दक्षिणेत काळ्या पुरुषांची नावं प्रथमच त्यांत आली. मग फ्रीडमेन्स ब्यूरोचे, म्हणजे सुटलेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे कागद. त्यांत मजुरीचे करार आहेत आणि आधी झालेली लग्नं नोंदवलेली आहेत. त्यांच्याचसाठी काढलेली फ्रीडमन्स बँक १८६५ ते १८७४ चालली, तिच्या खातेदारांच्या नोंदवहीत आईबाप, भावंडं, कधीकधी जुन्या मालकाचंही नाव असतं. जॉर्जियात सव्हाना, ऑगस्टा आणि अटलांटाला तिच्या शाखा होत्या.

सगळ्यात बोलके कागद मला पेन्शनचे वाटतात. यादवी युद्धात सुमारे १,७९,००० काळे सैनिक केंद्र सरकारच्या फौजेत होते. त्यांच्या विधवांना पेन्शनसाठी लग्न सिद्ध करावं लागे, आणि गुलामांच्या लग्नाला कायद्याचा कागद कुठून असणार? मग शेजारपाजारचे जबाब देत : आम्ही एकाच मळ्यावर होतो, यांचं लग्न आमच्या डोळ्यांदेखत लागलं, तेव्हा मालक अमका होता. मालकाचं नाव असं मिळालं की त्याची मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या काउंटीच्या कोर्टात शोधता येतात. त्या याद्यांत माणसं नावानिशी येतात, शेजारी किंमत. वाचायचं की नाही हे जावयाने ठरवावं, असं वर म्हणाले ते यासाठीच. जावयाचं आडनाव शेवटच्या मालकाचंच असेल असं धरून चालू नका. बऱ्याच जणांनी आधीच्या मालकाचं किंवा स्वतः निवडलेलं नाव घेतलं. १८७०च्या पानावर त्यांच्या वरची-खालची दहा घरं मात्र उतरवून घ्या.

प्रश्न : आमचे एक चुलत पणजोबा १९१५च्या सुमारास शिकायला अमेरिकेला गेले, ते परत आले नाहीत. एका पत्राशिवाय काही नाही. कुठून सुरुवात करू? — वाई

उत्तर : पहिल्या महायुद्धातल्या लष्करी नोंदणीपासून. ५ जून १९१७ला २१ ते ३० वयाच्या सगळ्या पुरुषांना नाव नोंदवावं लागलं, आणि १२ सप्टेंबर १९१८ला १८ ते ४५मधल्या उरलेल्यांना. परदेशी नागरिकही सुटले नव्हते. कार्डावर पत्ता, जन्मतारीख, कामाचं ठिकाण आणि सही असते. वंशाच्या रकान्यात 'हिंदू' दिसलं तर त्यावरून धर्म ठरवू नका. तेव्हा तिकडे शीख, मुसलमान, कोणीही हिंदुस्थानातून आला की 'हिंदू'. नागरिकत्वाचे कागद बहुधा नसतील. भगतसिंग थिंड या हिंदुस्थानी माणसाच्या नागरिकत्वाच्या १९२३च्या खटल्यानंतर तो रस्ता बंद झाला, १९४६पर्यंत.

कबर शोधताना फक्त आडनावाने शोधू नका. डॉ. आनंदीबाई जोशींच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला आहेत, पण त्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत. त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्या तिथे पुरवल्या. तुमच्या पणजोबांनाही कोणी घरमालकिणीने असंच आपल्या जागेत ठेवलं असेल, तर दफनभूमीच्या कचेरीत त्या जागेच्या मालकाच्या नावाने कार्ड निघेल. म्हणून आधी कार्डावरचा पत्ता घ्या आणि १९२०च्या जनगणनेत त्या घरात आणखी कोण राहत होतं ते बघा.

आणि ते एक पत्र जपून ठेवा. कार्ड मिळालं की दोन्ही सह्या शेजारी ठेवून बघता येतील.